प्रौढांचें इंग्रजी व त्यांचे पंतोजी : वैतरणेच्या दोन्ही तीरांवरील कांहीं साधनें

जुन्या दप्तरांच्या शोधांत हिंडणाऱ्या आम्हां मंडळींची एक ठराविक रीत आहे. बासन सोडलें कीं प्रथम सनदा, महजर, निवाडे व वंशावळी बाजूस काढावयाच्या. मग पोथ्या पाहावयाच्या. आणि तळाशीं ज्या फाटक्या वह्या उरतात त्या घरधन्यास परत करावयाच्या. त्यानें त्या रद्दींत घातल्या तरी कोणास हळहळ वाटत नाहीं. या तळच्या वह्यांत पुष्कळदां इंग्रजी शब्दांच्या याद्या असतात. शब्दाशेजारी देवनागरींत अगर मोडींत उच्चार, त्याच्या पलीकडे अर्थ, मधून मधून चार-दोन वाक्यें. अक्षर पाहतांच कळतें कीं, ही मुलांची उठाठेव नव्हे. हात बसलेल्या, बहुधा कारकुनी केलेल्या माणसाचें हें काम आहे. संसारांत पडलेला मनुष्य दिवसाचें काम उरकून इंग्रजी शिकण्यास बसे, आणि त्यास शिकविण्यास कोणी तरी बसे. त्या शिकविणारास हें काम कोणीं शिकविलें, या प्रश्नाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं वैतरणेच्या दोन्ही बाजूंचा मुलूख आम्ही घेतला आहे: दक्षिणेस वसई-आगाशी, उत्तरेस केळवें-माहीम, पालघर, बोईसर, तारापूर. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून निराळा झालेला पालघर जिल्हा तो हाच.

या प्रश्नाचें नेहमींचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मुंबईस २४ शिक्षक तयार झाले व १८२६ च्या सुमारास निरनिराळ्या गांवीं शाळा घालण्यास गेले. १८४५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें नॉर्मल क्लास निघून त्यावर बाळशास्त्री जांभेकर यांची नेमणूक झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें शिक्षकांच्या शिक्षणाची आवश्यकता सरकारी धोरणांत आणली, आणि १९०६ सालीं मुंबईस दुय्यम शाळांच्या शिक्षकांकरितां ट्रेनिंग कॉलेज उघडलें. ही परंपरा मोठी आहे, यांत शंका नाहीं. परंतु जर्व्हिसचे शिक्षक व बाळशास्त्र्यांचा वर्ग हे देशी भाषेच्या शाळांकरितां होते. १९०६ चें कॉलेज हायस्कुलांतील मुलांकरितां होतें. तीस-पस्तीस वर्षांचा कारकून, तारमास्तर, बंदरावरचा मुकादम यांस इंग्रजी शिकविणारा पंतोजी या यादींत कोठेंच बसत नाहीं. त्याची घडण दुसरीकडे झाली, आणि ती उलट्या बाजूनें झाली, असें आमचें मत आहे. आपली भाषा परक्या प्रौढांस शिकवितां शिकवितां आपल्या लोकांस परक्या भाषेकडे नेण्याची विद्या हातीं आली.

हें उलटें टोंक पाहण्यास इंग्रजी अमदानीच्याही मागें जावें लागतें. १५७९ सालीं गोव्यास आलेला फादर थॉमस स्टीफन्स हा जातीचा इंग्रज. त्यानें आपली भाषा शिकून तींत ख्रिस्तपुराण रचलें, हें सर्वविश्रुत आहे. त्याचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. हें व्याकरण गोव्याकडील बोलीचें आहे. आमच्या विषयास त्याहूनही जवळचा ग्रंथ दुसराच आहे. कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज विद्वानानें १८५८ सालीं नव्या गोव्यांत एक व्याकरण प्रथमच छापून काढलें. सतराव्या शतकांतील कोणा पोर्तुगीज मिशनऱ्यानें तें रचलें. कर्त्याचें नांव त्यावर नाहीं. आणि विषय म्हणजे 'उत्तरेकडील' कोंकणी. उत्तर म्हणजे पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत. वसई त्याची राजधानी, आणि साष्टी, माहीम, तारापूर, डहाणू हीं त्याचीं ठाणीं. (ज्या तारापुराच्या मोर्चांत १७३९ सालीं बाजी भिवराव रेठरेकर पडला, त्याच्या तटाआड शंभर वर्षांपूर्वीं पाद्री लोक आपल्या भाषेचीं रूपें घोकीत असतील, ही कल्पना आम्हांस मोठी मौजेची वाटते.) या बोलीस मराठी म्हणावें कीं कोंकणी, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं.

या व्याकरणाचे विद्यार्थी सगळे प्रौढ होते, ही गोष्ट ध्यानांत घ्यावयाची. लॅटिन येणारा पाद्री, पोर्तुगीज त्याची जन्मभाषा, आणि पुढें बसलेल्या कोळ्यास, वाडवळास त्याच्या पापाची कबुली त्याच्याच बोलींत विचारावयाची. अशा विद्यार्थ्यास बाराखडीपासून पांच वर्षें घालविण्यास सवड नसते. त्यास जें ठाऊक आहे त्यावरूनच पुढें जावें लागतें, म्हणून व्याकरण लॅटिनच्या सांच्यांत ओतलेलें. परंतु पाद्र्याचें काम ज्या माणसांशीं होतें त्यांच्या तोंडची भाषा त्यानें घेतली. पोथीची घेतली नाहीं. हा मुद्दा पुढें कामास येणार आहे.

इंग्रजांचें राज्य आल्यावर हेंच काम पाद्र्यांकडून पंडितांकडे व मुनशांकडे आलें. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत विल्यम केरीच्या हाताखालीं वैजनाथ पंडित होते. केरीचें मराठी व्याकरण १८०५ चें व कोश १८१० चा. मुंबईस व्हॅन्स केनेडीचा कोश १८२४ सालीं निघाला. महंमद इब्राहीम मखबा या कोंकणी मुसलमान विद्वानानें १८२५ सालीं मराठीचें व्याकरण केलें. आणि शास्त्रीमंडळींच्या साह्यानें मोल्सवर्थ व कँडी यांनीं सिद्ध केलेला कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला. या ग्रंथांचें महत्त्व कोशकारांनीं पुष्कळ वर्णिलें आहे. आम्हांस त्यांतील शिकविण्याची बाजू दिसते, कारण जन्म मास्तरकींत गेला.

शास्त्री कौमुदी पढलेला. संस्कृत शिकवितांना शिष्य 'कां' म्हणून विचारीत नसे. सूत्र म्हणावयाचें व उदाहरण द्यावयाचें. मराठी तर शिकविण्याचा विषयच नव्हता. ती आईच्या मांडीवर येते. अशा माणसापुढें एकाएकीं पलटणींतला तिशीचा साहेब येऊन बसतो आणि विचारतो: 'त्यानें आंबा खाल्ला, त्यानें पोळी खाल्ली, त्यानें केळें खाल्लें, खाणारा एकच, मग क्रियापद तीनदां कां बदललें?' लहान मूल हें कधीं विचारीत नाहीं. प्रौढ मनुष्य विचारल्यावांचून पुढें पाऊल टाकीत नाहीं, आणि कंपनीच्या चाकरींत भाषेची परीक्षा असल्यामुळें साहेबास तर त्याची निकडच होती. शास्त्र्यास क्षणभर थांबून आपल्याच तोंडची भाषा परक्याच्या कानांनीं ऐकावी लागली. मग त्यास आठवलें कीं, संस्कृतांतही 'तेन' असा कर्ता तृतीयेंत जाऊन कर्मानुसार कृदन्त बदलतें. 'माझ्याजवळ पैसे आहेत' यांत 'हॅव' हें क्रियापद कोठें आहे, या प्रश्नाचेंही तसेंच. तें मराठींत नाहीं, संस्कृतांतही नाहीं. 'मम धनमस्ति' असेंच म्हणावें लागतें. आपल्याकडील भाषाशिक्षकाची पहिली तयारी ही अशी, शिष्याच्या प्रश्नांनीं झाली. तिला कोणी ट्रेनिंग म्हटलें नाहीं, आणि तिचा दाखलाही कोणत्याच शाळाखात्याच्या अहवालांत सांपडावयाचा नाहीं. ती व्याकरणांत व कोशांत जिरून राहिली आहे.

आतां वैतरणेकडे वळूं. दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) यांचें आडनांव तर्खडकर. तर्खड हें गांव वसईच्या जवळचें, नदीच्या दक्षिण अंगास. दादोबांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं निघालें. त्याच वर्षीं गंगाधरशास्त्री फडके यांचेंही व्याकरण प्रसिद्ध झालें. परंतु पुढील पिढ्यांनीं व्याकरण म्हणून जें पाठ केलें तें दादोबांचें. पुष्कळांनीं दादोबांस दोष दिला आहे कीं, लिंडले मरे या इंग्रजी वैयाकरणाच्या धाटणीवर त्यांनीं मराठी बसविली. संस्कृतज्ञ म्हणून आम्हांसही तो दोष कित्येक ठिकाणीं टोंचतो. पण पंतोजीच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे तोच गुण ठरतो. एका बाजूस संस्कृताच्या विभक्ति, दुसऱ्या बाजूस इंग्रजी व्याकरणाचीं पदें, आणि मध्यें मराठी वाक्य, अशी जी चौकट दादोबांनीं उभी केली, तींतून मराठी माणूस इंग्रजीकडे प्रथमच पायरीपायरीनें जाऊं शकला. हें व्याकरण पढलेला खेड्यांतला मास्तर 'टु' म्हणजे चतुर्थी, 'फ्रॉम' म्हणजे पंचमी, 'ऑफ' म्हणजे षष्ठी असें सांगूं लागला. १८४६ सालीं बाळशास्त्री वारल्यावर नॉर्मल क्लासही दादोबांकडे आला, म्हणजे ग्रंथ व वर्ग दोन्ही एका हातीं आलीं. दादोबांचें आत्मचरित्र अनंत काकबा प्रियोळकर यांनीं १९४७ सालीं संपादून प्रसिद्ध केलें, तें या दृष्टीनें पुन्हां वाचण्याजोगें आहे.

प्रौढ वाचकाची सोय बाळशास्त्र्यांच्याही नजरेपुढें होती. ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालेल्या 'दर्पण'च्या पानावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी असे, आणि देशबांधवांस इंग्रजी विद्येची गोडी लागावी हा त्याचा सांगितलेला हेतु होता. वर्तमानपत्र मुलें वाचीत नसतात. एक स्तंभ वाचून दुसऱ्याशीं ताडून पाहणारा वाचक हा आपणच आपला पंतोजी झाला.

दादोबांच्या व्याकरणानंतर जें पुस्तक घरोघर गेलें तेंही तर्खडकर याच आडनांवाचें: भाषांतर पाठमाला. नियम मराठींत सांगावयाचा, थोडे शब्द द्यावयाचे, मग इंग्रजीचें मराठी व मराठीचें इंग्रजी करण्यास वाक्यें. पुढच्या पाठांत मागचें थोडें, नवें थोडें. 'तर्खडकरी इंग्रजी' म्हणून तिची थट्टा पुष्कळ झाली, आणि ती वाक्यें कानास लांकडी लागतात हें खरें. तथापि ज्या गांवीं हायस्कूल नाहीं व इंग्रज दृष्टीस पडत नाहीं, तेथील मास्तराच्या हातीं तें साधन आलें, कीं प्रत्येक पाठांत काय शिकवावें आणि त्यापूर्वीं काय शिकविलेलें असावें हें त्यास आयतें कळे. आजच्या परिभाषेंत ज्यास पाठाचें टांचण म्हणतात तें पुस्तकानेंच करून ठेविलेलें होतें.

मुंबईहून गुजराथेकडे जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे १८६४ सालीं वैतरणा ओलांडून अखंड झाली. तिच्याबरोबर या किनाऱ्यावर इंग्रजीची गरज एकदम निराळ्या माणसांस पडूं लागली. शाळेचें वय टळलेल्या, पण तारेचा संदेश, मालाची पावती, स्टेशनावरची पाटी वाचतां आल्यावांचून पगार न वाढणाऱ्या लोकांस. आमच्या संग्रहीं या बाजूची एक वही आहे, तिचें वर्णन येथें करतों. साल नाहीं, नांव फाडलेलें. कागद गिरणीचा, आंखलेला. शब्दांत 'गार्ड', 'लगेज', 'सिग्नल' आहेत, त्यावरून ती रेल्वेनंतरची हें उघड. हात दोन आहेत. एक शिकणाराचा, मोडीकडे झुकणारा, बोरूचा. दुसरा शिकविणाराचा, बाळबोध, टाकाचा, बारीक.

शिकविणारानें एका जागीं 'एट' हा शब्द लिहून त्यापुढें खाल्ला, खाल्ली, खाल्लें हीं तिन्ही रूपें एका महिरपी कंसांत घातलीं आहेत. साहेबानें शास्त्र्यास विचारलेला प्रश्न येथें उलटा फिरून उत्तर म्हणून आला आहे. 'आय हॅव' याखालीं 'मजजवळ आहे' व त्याखालीं बारीक अक्षरांत 'मम' असें आहे. म्हणजे या मास्तरास थोडें संस्कृत येत असलें पाहिजे. उच्चार देतांना 'व' व 'व्ह' यांचा भेद त्यानें काटेकोरपणें राखला आहे: वॉटर, वेस्ट यांस 'व', व्हॅन, व्हिलेज यांस 'व्ह'. मराठी जिभेस हा भेद स्वभावतः नाहीं. तो कोणी तरी शिकविल्यावांचून हातांत येत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट शिकणाराच्या स्तंभांत आहे. 'वॉटर' पुढें त्यानें 'पानी' लिहिलें आहे, 'ब्लॅक' पुढें 'काला'. णकाराचा नकार व ळकाराचा लकार होणें हें या किनाऱ्याच्या बोलींचें लक्षणच आहे. मास्तराचा टाक पानोपानीं फिरला आहे. इंग्रजी शब्दांतला एकेक अक्षराचा दोष त्यानें सुधारला आहे. पण 'पानी' व 'काला' यांस त्यानें हात लाविला नाहीं. शाळेंतल्या मुलाच्या वहींत तो तांबड्या शाईनें खोडून 'पाणी' करता, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. आम्हीही तसेंच करीत आलों. येथें त्यानें ओळखलें आहे कीं, समोरचा मनुष्य इंग्रजी शिकण्यास आला आहे, मराठी शुद्ध करून घेण्यास नव्हे.

या मुलुखांत हा विवेक किती लागतो हें बाहेरच्यास कळणें कठीण. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत एवढ्याशा टापूंतल्या कोळी, आगरी, वाडवळी, सामवेदी, मांगेली, वारली अशा बोलींचे नमुने निरनिराळे दिलेले आहेत. मांगेल्यानें अगर वारल्यानें पाठमाला उघडली म्हणजे त्यास इंग्रजीच्या आधीं पुस्तकी मराठीचा उंबरठा ओलांडावा लागतो. नियम ज्या भाषेंत सांगितला ती भाषाच त्यास अर्धी परकी. एकोणिसाव्या शतकांतील व्याकरणांत ही अडचण दिसत नाहीं, कारण तीं एका प्रमाणभाषेच्या भरंवशावर लिहिलीं गेलीं. सतराव्या शतकांतल्या त्या नांव नसलेल्या पाद्र्यानें मात्र माणसाच्या तोंडची बोली घेऊन तिचेच नियम बांधले. त्याचा हेतु धर्मांतराचा होता व त्या कारभारांत जुलूमही झाला, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि भाषाशिक्षक म्हणून त्यास जें दिसलें तें दादोबांस दिसलें नाहीं, आणि आमच्या वहींतल्या अनाम मास्तरास तें पुन्हां दिसलें. मुलांपुरता हा विचार पुढें याच जिल्ह्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडास प्रत्यक्ष आचरून दाखविला. तेथील शिक्षिकांस मुलांच्या घरची भाषा समजणें हा तयारीचाच भाग होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्यांत वारें फिरलें. इंग्रजी शिकवितांना मराठीचा शब्द वर्गांत काढावयाचा नाहीं, वस्तु दाखवावी व इंग्रजींतच बोलावें, अशी प्रत्यक्ष पद्धति ट्रेनिंग झालेल्या मास्तरांच्या बोकांडीं बसली. तिच्या पुरस्कर्त्यांत शिक्षणखात्यांतले पर्सिव्हल रेन हे होते, ज्यांचें मार्टिनसह केलेलें व्याकरण अद्याप दुकानांत मिळतें व ज्यांच्या कादंबऱ्या त्याहून गाजल्या. दहा वर्षांचें मूल, रोजचे दोन तास, आणि इंग्रजी उत्तम बोलणारा शिक्षक, इतकें जमल्यास ती पद्धति चांगली आहे. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत अर्धा तास शिकणाऱ्या, थकलेल्या, चुकीची लाज वाटणाऱ्या चाळिशीच्या माणसास ती उपयोगी नाहीं. त्यास 'ऑफ' म्हणजे 'चा-ची-चें' हें एका वाक्यांत सांगितलें तर तो लगेच पुढें जातो. वस्तु दाखवून 'ऑफ' दाखवितां येत नाहीं. या पद्धतीच्या भरांत जुन्या मास्तरांची विद्या गांवढळ ठरली व त्यांच्या वह्या चुलींत गेल्या. आतां भाषाशिक्षणाचे अभ्यासक मातृभाषेच्या आधाराकडे पूर्वींच्या तुच्छतेनें पाहत नाहींत. परंतु गेलेल्या वह्या परत येणाऱ्या नाहींत.

गरज मात्र संपलेली नाहीं. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत्केंद्र चालू झालें. बोईसरच्या बाजूस कारखान्यांची वसाहत उठली. पिंपावरची विषाची सूचना, यंत्रावरची पाटी, सुटीचा अर्ज हीं पुष्कळदां इंग्रजींत असतात, आणि तीं वाचणारा कामगार वारली, मांगेला, उत्तर हिंदुस्थानी असा कोणीही असतो. तेथील संध्याकाळच्या वर्गांत शिकविणाऱ्या तरुण मुलामुलींस आपल्या गांवीं हें काम शंभर वर्षांपूर्वीं कसें केलें गेलें तें दाखवावयाचें, तर आपल्या हातीं अशा किती वह्या आहेत?

म्हणून संग्राहक मित्रांस कांहीं व्यावहारिक सूचना करतों. दप्तरांत अशी वही निघाल्यास ती वेगळी करावी. नांव नसलें तरी टाकूं नये. हात एक कीं दोन हें प्रथम पाहावें, कारण दुसरा हात म्हणजे शिक्षक. सुधारणा कोठें केली आहे व कोठें मुद्दाम सोडली आहे याची नोंद करावी. उच्चार मोडींत आहेत कीं देवनागरींत, 'व' व 'व्ह' निराळे आहेत कीं नाहींत, अर्थाच्या स्तंभांत बोलीचे शब्द आहेत काय, हें टिपावें. शब्दांवरून धंदा कळतो: मिठागर, बंदर, रेल्वे, कचेरी. वाक्यें कोणत्या छापील पाठमालेशीं जुळतात तें ताडून पाहावें. जीं जुळत नाहींत तीं मास्तराचीं स्वतःचीं, व तींच सर्वांत मोलाचीं. नक्कल करतांना 'पानी' चें 'पाणी' करूं नये. केळवें-माहीम, आगाशी, तारापूर व चिंचणी येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप पेट्या आहेत. पावसाळ्यापूर्वीं त्या उघडल्या तर बरें, कारण या किनाऱ्यावर वाळवी सनदेपेक्षां गिरणीच्या कागदास लौकर लागते.